बदलाचे इंग्रजी शब्द : अकलूज परिसर

नीरेकाठच्या अकलूजमध्ये बदलाला एक इंग्रजी शब्द पुरत नाही. दुकानदाराचे ‘चेंज’ म्हणजे सुट्टे पैसे; लग्नघरी ‘चेंज करून येते’ म्हणजे कपडे बदलून. नोकरदाराची ‘ट्रान्सफर’ होते, जुनी दुचाकी ‘एक्सचेंज’मध्ये जाते.

सर्वांत वजनदार शब्द ‘एनए’. ‘नॉन-ॲग्रिकल्चरल’चे हे लघुरूप. शेतजमिनीचा वापर बिगरशेतीसाठी बदलणे, हा त्याचा अर्थ. मूळ तरतूद महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ मधली. उसाच्या फडाशेजारी ‘एनए प्लॉट’ची पाटी लागली, की गुंठ्याचा भाव वेगळाच सांगितला जातो.

मालकी बदलली, की मात्र इंग्रजीतले ‘म्युटेशन’ कुणाच्या तोंडी येत नाही. तिथे ‘फेरफार’च! ग्राम महसूल अधिकाऱ्याकडील (पूर्वीच्या तलाठ्याकडील) गाव नमुना सहामध्ये त्याची नोंद होते आणि ती मंजूर झाल्यावर सातबारावर नवे नाव चढते.