जुन्या घरांच्या खिडक्या : एक दुर्लक्षित इतिहास

जीर्णोद्धार म्हटला की कळस, गाभारा, सभामंडप यांची चर्चा होते. शब्दाचा अर्थ मात्र जे जीर्ण झाले ते सावरून पुन्हा उभे करणे असा आहे. जुने ते टाकून देणे असा नाही. आपल्या देवळाच्या जीर्णोद्धाराच्या या मंगल प्रसंगी घराच्या एका साध्या भागाचा, म्हणजे खिडकीचा, इतिहास ग्रामस्थांपुढे मांडण्याचा हा अल्पसा प्रयत्न आहे. कारण जुनी घरे दुरुस्त करताना आपण पहिला हात घालतो तो खिडकीलाच.

इ. स. १६७३ मध्ये जॉन फ्रायर नावाचा इंग्रज डॉक्टर मुंबईस आला. त्याचे प्रवासवर्णन १६९८ साली प्रसिद्ध झाले. त्यात तो सांगतो की, मुंबईतील बहुतेक घरे ठेंगणी व झावळ्यांनी शाकारलेली होती. पोर्तुगीजांनी मागे ठेवलेली आणि कंपनीने बांधलेली थोडी घरे तेवढी पक्की होती व त्यांच्या खिडक्यांना काचेच्या जागी चौकोनी कापून घासलेले शिंपले बसविलेले होते. काच तेव्हा युरोपातून जहाजाने येई व ती महाग असे. उलट हा पातळ, चपटा शिंपला आपल्याच देशाच्या किनाऱ्यावर मिळे. लाकडी पट्ट्यांच्या खाचांत तो बसविला की उजेड आत येई, ऊन मात्र डोळ्यांवर येत नसे. फिलिपाइन्समध्येही स्पॅनिश अमदानीत अशाच खिडक्या होत्या. गोव्यात जुन्या गोव्याचे से कॅथेड्रल आणि जुनी घरे यांत त्या अद्याप पाहावयास मिळतात.

फ्रायर आला त्या काळी आपला तारापूरचा किल्लाही पोर्तुगीजांकडेच होता. चिमाजी अप्पांच्या मोहिमेत जानेवारी १७३९ मध्ये तो मराठ्यांनी घेतला. त्या लढाईत बाजी भिवराव रेठरेकर कामी आले. त्याच वर्षी मे महिन्यात वसई पडली. वसईकडील चर्चमधील घंटा विजयचिन्हे म्हणून मराठ्यांनी देवळांना वाहिल्या. नाशिकच्या नारोशंकराच्या देवळावरील १७२१ सालची घंटा प्रसिद्धच आहे. घंटांना देवळात मानाची जागा मिळाली म्हणून त्या आजवर टिकल्या. खिडक्यांना अशी जागा कोणी दिली नाही.

पुढे काच स्वस्त झाली. १८६४ साली मुंबई आणि गुजरात रेल्वेने जोडले गेले व आपल्या भागात माल येणे सोपे झाले. १८६५ साली मंगळूरला कौलांचा कारखाना निघाला आणि हळूहळू किनाऱ्यावरील घरांवर मंगळुरी कौले चढली. गोव्यातही शिंपले काढून काचा बसविण्याची रीत पडली. उजेड वाढला, बाहेरचे दिसू लागले. हा लाभ नाकारण्याचे कारण नाही. पण आज कोणाला तसा शिंपला पुन्हा बसवावयाचा म्हटले तर तो समुद्रातून काढता येत नाही, कारण त्या प्राण्यास वन्यजीव संरक्षण कायद्याने संरक्षण दिले आहे. मोडलेल्या खिडकीतील शिंपले ज्याने जपून ठेवले, त्यालाच दुसरी खिडकी दुरुस्त करता येते. काढलेली वस्तू फेकली की परतीची वाट बंद होते, हा धडा त्यातून घ्यावयाचा.

आपल्याकडील जुन्या खिडकीची गोष्ट वेगळी नाही. सागवानी चौकट, लोखंडी गज आणि वर-खाली चार झडपा. खालच्या दोन लावल्या की घराचा आडोसा राहतो, वरच्या दोन उघड्या ठेवल्या की वारा खेळतो. चारही उघडल्या तर पूर्ण खिडकी मोकळी होते. सरकत्या अॅल्युमिनियमच्या दोन तावदानांच्या खिडकीत एका वेळी निम्मीच जागा उघडते. १९६९ साली तारापूरची अणुवीज सुरू झाली, पुढे औद्योगिक वसाहत वाढली, हाताशी पैसा आला व स्लॅबची घरे उभी राहिली. सरकती खिडकी हलकी, तिला वाळवी लागत नाही, रंगाचा खर्च नाही. ती घेणाऱ्यास नावे ठेवण्याचे कारण नाही. परंतु जुनी चौकट बहुधा खालच्या बाजूसच कुजते, कारण पावसाचे पाणी तेथे साचते. तेवढा भाग कापून नव्या सागाचा तुकडा सांधला, पाणी बाहेर उतरेल असा उतार दिला आणि वरचेवर तेलपाणी केले, तर उरलेली चौकट आणखी एक पिढी काढते. सगळीच खिडकी काढण्याआधी सुताराकडून एवढी पाहणी अवश्य करून घ्यावी.

कचेरीत दप्तर सांभाळताना एक गोष्ट ध्यानात येते. ज्याची नोंद नाही, ते होते असे पुढे सिद्ध करता येत नाही. ग्रामपंचायतीच्या नमुना ८ मध्ये घराचे क्षेत्रफळ आणि बांधकामाचा प्रकार लिहितात; खिडकीला तेथे रकाना नाही. तेव्हा ही नोंद आपणच ठेवावयास हवी. खिडकी काढण्यापूर्वी तिचा फोटो घ्यावा, लांबी-रुंदी वहीत लिहावी, जमल्यास सुताराचे नाव व साल वडीलधाऱ्यांना विचारून टिपावे. सुस्थितीतील चौकट भंगारात न देता माळ्यावर ठेवावी. देवळाच्या कामातून निघालेले जुने लाकूड व कोरीव भाग यांचीही अशीच यादी करून ती देवळातच जपावी, अशी सर्व ग्रामस्थांना नम्र विनंती आहे.

वाडवडिलांनी दिलेले सर्वच राखणे कोणाला शक्य नसते. पण काय होते हे पुढच्या पिढीस सांगता यावे, एवढे तर आपल्या हाती आहे. ती बुद्धी ग्रामदैवत आपणा सर्वांस देवो.