ओबरगुर्गलची सपाट जागा

डोंगरी भागाच्या विकासाचं व्यवस्थापन शिकायला मी इन्सब्रुकला निघालो, तेव्हा आमच्या जावळी तालुक्यातल्या मेढ्याच्या एका चुलत्यांनी विचारलं, ‘डोंगरात कसला आलाय विकास? आन् त्याची डिग्री?’ इथं वर्ग सुरू झाल्यावर प्राध्यापकांनी सिद्धान्त बाजूला ठेवून आधी ओबरगुर्गल सांगितलं.

ऑस्ट्रियाच्या टिरोल प्रांतात, ओट्झ दरीच्या पार टोकाला, सुमारे 1900 मीटर उंचीवर हे गाव आहे. पूर्वी गवत, गुरं, मेंढ्या, एवढाच आधार. दरीत बापाची जमीन सगळ्या पोरांत वाटायची रीत, त्यामुळे तुकड्यांचे तुकडे झाले. खाणारी तोंडं वाढू नयेत म्हणून टिरोलमध्ये 1820 ते 1921 पर्यंत मालमत्ता नसलेल्याला लग्नासाठी परवानगी काढावी लागे. शंभर वर्षं! हुंड्यापायी अडलेली लग्नं आपण ऐकलीत, इथं ती कागदापायी अडत. टिरोलमधल्या गरिबांची पोरं वसंतात बर्फातून पायी डोंगर ओलांडून जर्मनीतल्या श्वाबेनमध्ये गुरं राखायला जात आणि हिवाळ्याच्या तोंडाशी परतत.

27 मे 1931 रोजी गावाचं नशीब आकाशातून उतरलं. ऑग्युस्त पिकार आणि पाउल किप्फर हे दोघं हवाबंद ॲल्युमिनियमच्या गोळ्यात बसून बलूननं जवळपास 16 किलोमीटर उंच गेले आणि इथल्या हिमनदीवर येऊन टेकले. पेपरवाल्यांनी गावाचं नाव जगभर केलं. दुसऱ्या महायुद्धानंतर स्कीवाले लोटले आणि शेतकरी हॉटेलवाले झाले.

1950-51च्या हिवाळ्यात आल्प्समध्ये हिमकडे कोसळून शेकडो माणसं गेली. झाडांची रेषा वर कशी सरकवायची, याचे प्रयोग त्यानंतर इथंच सुरू झाले. इन्सब्रुक विद्यापीठाचं संशोधन केंद्रही गावात आलं. पण झाडं आणि बर्फ मोजणाऱ्यांना माणसं मोजायला अजून वीसेक वर्षं लागायची होती.

1971मध्ये युनेस्कोनं ‘माणूस आणि जीवावरण’ कार्यक्रम काढला. त्यात पर्वतांसाठी वेगळा प्रकल्प होता. त्याच धाग्यातून 1974 साली वनस्पतिशास्त्रज्ञ वाल्टर मोझर, व्हिएन्नाजवळच्या संशोधन संस्थेतले बझ हॉलिंग आणि त्यांचे सहकारी गावकऱ्यांसोबत बसले. पाहुणे किती येतात, घरं किती, कुरणांचं काय होतं, पोरं किती आणि ती पुढं काय करणार, हे सगळं संगणकाच्या एका प्रतिमानात घातलं. पर्यटनाला आधी खीळ बसेल ती बांधायच्या जागेनं, असं निघालं. हिमकड्याच्या वाटेत न येणारी सपाट जागा मोजकीच, आणि प्रत्येक घरातल्या पोराला स्वतःचं हॉटेल हवं. मला यात नवल वाटतं ते वेगळ्याच गोष्टीचं. हे गणित गावकऱ्यांसमोर मांडलं गेलं. अहवालात बांधून राजधानीला धाडलं नाही.

योगायोग असा की, पाचव्या पंचवार्षिक योजनेत आपल्याकडे पश्चिम घाट विकास कार्यक्रम सुरू झाला तोही 1974-75लाच. त्यात तालुका हे एकक धरलं होतं. तालुक्याची किती जमीन 600 मीटरच्या वर आहे, यावरून तो आत की बाहेर हे ठरे. पैसा आला, काही कामंही झाली. जावळीसारख्या तालुक्यात, जिथं कोयनेच्या पाण्याखाली गावंच्या गावं गेली, तिथं कुणाच्या वाट्याला कुठली सपाटी राहिली हे विचारायला मात्र असलं एकक फार मोठं होतं. पाणलोट क्षेत्राचा विचार नंतर आला.

प्रबंधासाठी मी जावळीतलंच एक खोरं घेतलंय. मार्गदर्शक बाईंनी पहिल्याच भेटीत विचारलं, ‘जमीन कुणाच्या नावावर आहे?’ मी सातबारा उघडून दाखवला. त्यावर आजोबा, त्यांचे भाऊ, लग्न होऊन गेलेल्या आत्या, मुंबईला गिरणीत गेलेले आणि परत न आलेले, सगळी नावं अजून एका गटात आहेत. वाटणी झालेलीच नाही. बाईंनी त्या नावांची वंशावळ काढायला सांगितलीय. नकाशा त्यानंतर.