करिंथकरांस गेलेलें पत्र व त्याचें गहाळ पान

जुनें पत्र हातीं आलें म्हणजे संशोधक प्रथम मायना पाहतो, मजकुराकडे मागाहून वळतो. इ. स. ९६ च्या सुमारास रोमहून करिंथ शहरीं गेलेल्या ग्रीक पत्राच्या बाबतींत ही संवय फार उपयोगी पडते. परंपरेनें हें पत्र रोमचा अध्यक्ष क्लेमेंट ह्याचें मानिलें आहे. मायन्यांत मात्र त्याचें नांव नाहीं. रोम येथील ख्रिस्ती मंडळी करिंथ येथील मंडळीस लिहीत आहे, इतकेंच तेथें आहे. व पुढेंही लिहिणारे 'आम्ही' असेंच बोलतात.

निमित्त तंट्याचें होतें. करिंथकरांनीं आपल्या कांहीं वडिलांस पदावरून दूर केलें होतें. पत्राचा कल त्या पदच्युतांकडे आहे. तरीही ४४ व्या प्रकरणांत असें म्हटलें आहे कीं, त्यांची नेमणूक प्रेषितांनीं व मागून इतर मान्यवरांनीं सबंध मंडळीच्या संमतीनें केली होती. आणि ५४ व्यांत, ज्याच्या पायीं कलह माजला असेल त्यानें निघून जावें व समुदाय सांगेल तें करावें, असा सल्ला आहे. मंडळीच्या कृत्यास दोष देणारालाही तिचा अधिकार नाकारतां आला नाहीं. प्रतिकूल साक्षीदाराच्या तोंडची ही कबुली आम्हांस सर्वांत वजनदार वाटते. शिवाय अध्यक्ष व वडील हे शब्द येथें एकाच पदास लाविलेले दिसतात, आणि तें पद अनेकांकडे आहे.

केवळ मौनावर इमारत उभारूं नये, हें खरें. परंतु हर्मासच्या 'मेंढपाळ' ह्या ग्रंथांत परगांवीं लेख पाठविण्याचें काम क्लेमेंट नामक गृहस्थाकडे असल्याचा उल्लेख आहे. तोच हा असेल, तर त्यास मंडळीचा चिटणीस म्हणणें अधिक शोभेल.

आतां पोथ्यांविषयीं. पांचव्या शतकांतील अलेक्झांड्रियन पोथी कुलगुरु सिरिल लुकारिस ह्याच्याकडून १६२७ सालीं इंग्लंडच्या चार्ल्स राजास मिळाली. तीवरून पॅट्रिक यंग ह्यानें १६३३ त हें पत्र छापिलें. शेवटाजवळचें एक पान गळालेलें होतें. १८७३ त फिलोथेऑस ब्रायेनिऑस ह्यास कॉन्स्टँटिनोपल येथें लिओ नामक लेखकानें १०५६ सालीं उतरलेली पोथी सांपडली, व १८७५ त पूर्ण पत्र प्रसिद्ध झालें. एका पानासाठीं अडीचशें वर्षें वाट पाहावी लागली! पोथी हातीं घेतांच पानें मोजणाऱ्यांस ह्याचें मोल सांगावयास नको.

ह्या पानानें दोन्ही पक्षांस शस्त्रें पुरविलीं. देव आमच्याद्वारें जें बोलला तें न मानणारे मोठ्या संकटांत पडतील, अशी ताकीद त्यांत आहे. रोमच्या श्रेष्ठत्वाचे अभिमानी तिजवर भर देतात. पण तेथेंही 'आमच्या' हें बहुवचनच आहे. त्याच पानांत, तरुणपणापासून वार्धक्यापर्यंत आम्हांमध्यें निर्दोष राहिलेले गृहस्थ उभयपक्षीं साक्षी म्हणून पाठविले आहेत, असेंही लिहिलें आहे. पत्राच्या अखेरीस क्लॉडियस एफेबस, व्हॅलेरियस बिटो व फॉर्च्युनेटस हीं नांवें येतात. त्यांस समेटाच्या वार्तेसह लवकर परत पाठवावें, अशी विनंती आहे. सुमारें १७० सालीं करिंथचा अध्यक्ष डायोनिसियस रोमकरांस कळवितो कीं, क्लेमेंटच्या हातून आलेलें तें पत्र आमच्या उपासनेंत अद्याप वाचलें जातें.