कीर्तनानें जोडलेलें नातें

ज्युबिलीच्या स्मरणिकेंत देवालयाचा पाया कोणीं घातला, घंटा केव्हां चढविली, कोणत्या धर्मगुरूंच्या कारकीर्दींत कोणती भिंत उभी राहिली, ह्याची हकीकत येते. आणि ती यावी हें योग्यच आहे. परंतु विटा-चुन्यावांचून उभीं राहिलेलीं कांहीं बांधकामें असतात, व तीं कधीं कधीं दगडी भिंतींहून अधिक टिकतात. असें एक बांधकाम आमच्या ह्या हिंगोली जिल्ह्यांतून निघून थेट पंजाबापर्यंत गेलें आणि सातशें वर्षें होत आलीं तरी ढळलें नाहीं. त्याची हकीकत वाचकांपुढें ठेवावी असें आम्हांस वाटलें.

हिंगोली जिल्हा १ मे १९९९ रोजीं परभणी जिल्ह्यांतून वेगळा झाला. परंतु ज्या गांवाविषयीं आम्हांस सांगावयाचें आहे त्याची कीर्ति जिल्ह्याहून फार जुनी आहे. कयाधू नदीच्या तीरीं नरसी नांवाचें गांव आहे. शके ११९२, म्हणजे इ. स. १२७० ह्या वर्षीं शिंपी कुळांतील नामदेव येथें जन्मले असें परंपरा सांगते. कोणी पंढरपूरास त्यांचें जन्मस्थान मानतात. पण लोकांनीं नरसीस नामदेवांचेंच नांव जोडून ठेविलें आहे. त्यांचें तारुण्य पंढरपुरीं कीर्तनांत गेलें. ज्ञानेश्वरांबरोबर त्यांनीं तीर्थयात्रा केली, इ. स. १२९६ मध्यें ज्ञानेश्वरांनीं आळंदीस समाधि घेतली, आणि पुढें नामदेव उत्तरेकडे निघाले. पंजाबांत गुरदासपूर जिल्ह्यांतील घुमान येथें त्यांनीं बरींच वर्षें वास्तव्य केलें, अशी तिकडील लोकांची श्रद्धा आहे.

परक्या मुलखांत जातांना त्यांनीं बरोबर काय नेलें? फौज नाहीं, द्रव्य नाहीं, राजाची सनद नाहीं. हातांत वीणा व टाळ आणि मुखीं कीर्तन, एवढीच त्यांची शिदोरी. पण ज्यांच्या ओसरीवर आपण बसलों त्यांच्या बोलींत बोलावें हें त्यांनीं ओळखिलें, आणि तिकडील लोकांस समजेल अशा भाषेंत पदें रचिलीं. मात्र आपली मराठी त्यांनीं पुसून टाकिली नाहीं. त्या पदांत पंढरीचा विठ्ठल ‘बीठल’ होऊन येतो आणि मधूनच आपला ‘चा-ची-चे’ हा प्रत्यय डोकावतो. पाहुण्यानें यजमानाचा अंगरखा घालावा, पण चालण्याची ढब गांवाकडचीच रहावी, तसें हें झालें.

आतां यजमानानें काय केलें तें पहा. शिखांचे पांचवे गुरु अर्जुनदेव ह्यांनीं इ. स. १६०४ मध्यें आदिग्रंथाचें संकलन पूर्ण केलें. तोंवर नामदेवांस जाऊन अडीचशें वर्षें लोटलीं होतीं. गुरूंच्या वाणीबरोबर त्यांनीं कबीर, रविदास, शेख फरीद अशा निरनिराळ्या जातींच्या व धर्मांच्या भक्तांचीं पदें त्यांत घेतलीं. आणि त्यांत आमच्या नरसीच्या शिंप्याचीं ६१ पदें आहेत. तीं रागवारीनें लाविलेलीं आहेत, कारण तीं नुसतीं वाचावयाचीं नसून गावयाचीं आहेत. तिकडील छिंबा समाजाचे, म्हणजे कपडे शिवणारे व कापड छापणारे, पुष्कळ लोक आजही स्वतःस नामदेवांचे म्हणवितात. घुमान येथें सरदार जस्सासिंग रामगढिया ह्यांनीं त्यांचें स्मारकमंदिर बांधविलें असें सांगतात, आणि माघ महिन्यांत तेथें मोठी यात्रा भरते.

ह्या देवघेवीचें मर्म एका कथेंत आहे. हिंगोली जिल्ह्यांतच औंढा नागनाथाचें प्राचीन शिवालय आहे. नामदेवांचे गुरु विसोबा खेचर ह्यांचें नांव ह्याच स्थळाशीं जोडलेलें आहे. इकडील लोक सांगतात कीं नामदेव देवळापुढें कीर्तन करीत असतां पुजाऱ्यांनीं त्यांस हीन कुळाचा म्हणून उठविलें. ते मुकाट्यानें देवळाच्या मागें जाऊन गाऊं लागले, तों देऊळच फिरलें आणि त्यांच्याकडे तोंड करून उभें राहिलें. देऊळ फिरल्याची हीच कथा ग्रंथसाहिबांतील नामदेवांच्या पदांत आली आहे. तेथें गांवाचें नांव नाहीं. परंतु नाकारलेल्या माणसाचें दुःख आहे आणि देवानें त्याची बाजू घेतल्याचा आनंद आहे. गायक उठविला गेला तो ज्या मुलखांत, तेथें ही कथा तोंडीं राहिली. आणि दूरच्या मुलखानें ती आपल्या पवित्र ग्रंथांत लिहून ठेविली. ज्यास घरच्यांनीं मागच्या दारीं बसविलें त्यास परक्यांनीं पुढच्या दारीं घेतलें, हें आम्ही विसरतां कामा नये.

पंजाबांतील नामदेव व पंढरीचे नामदेव हे एकच काय, अशी शंका कांहीं पंडितांनीं घेतली आहे. शंका घेणें हें विद्वानांचें कामच आहे. परंतु पदांतील विठ्ठल, मराठी प्रत्यय आणि छिंपा म्हणजे शिंपी कुळाचा उल्लेख हे तीन साक्षीदार एकाच गांवची वाट दाखवितात, असें आम्हांस वाटतें.

पुढें ह्या पदांनीं परतीचा प्रवासही केला. दहावे गुरु गोविंदसिंग हे इ. स. १७०८ मध्यें नांदेडास आले आणि तेथेंच त्यांचा अंत झाला. आपल्यामागें ग्रंथासच गुरु मानावें अशी आज्ञा त्यांनीं तेथें केली, असें शीख परंपरा मानते. नांदेड हा हिंगोलीस लागून असलेला जिल्हा. म्हणजे नरसीहून निघालेले शब्द पंजाबांत ग्रंथस्थ झाले आणि शेंकडों वर्षांनीं गोदावरीच्या कांठीं, जवळ जवळ आपल्या माहेरच्या उंबरठ्यावर, गुरुपदास पोंचले. तेथील गुरुद्वाराची मुख्य इमारत महाराजा रणजितसिंग ह्यांनीं बांधविली. अलीकडे, इ. स. २०१५ च्या एप्रिलांत, ८८ वें अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन घुमानास भरलें, डॉ. सदानंद मोरे हे अध्यक्ष होते. तें ३ एप्रिलला सुरू झालें, आणि त्या वर्षीं तोच पवित्र शुक्रवार होता. आपण येथें क्रुसाच्या वाटेची भक्ति करीत असतां, तिकडे पंजाबांत मराठी माणसें आपल्या एका जुन्या भक्ताच्या घरीं पाहुणीं गेलीं होतीं.

आपल्या ख्रिस्ती इतिहासांतही ह्या जातीचें एक काम आहे. फादर थॉमस स्टीफन्स हे इंग्लंडांत जन्मलेले येशूसंघीय धर्मगुरु इ. स. १५७९ मध्यें गोव्यास आले. जुनीं पुराणें सुटलेल्या नव्या ख्रिस्ती लोकांस ऐकावयास व गावयास कांहीं हवें होतें, हें जाणून त्यांनीं मराठी ओवींत ‘ख्रिस्तपुराण’ रचिलें, तें इ. स. १६१६ मध्यें रायतूर येथें छापलें गेलें. नामदेवांनीं मराठी मन परभाषेंत नेलें, तर स्टीफन्सनीं परदेशीं जन्मलेलें मन मराठींत आणिलें.

परंतु दोन्ही कृतींचें नशीब सारखें नव्हतें. नामदेवांच्या पदांस यजमानानें आपल्या ग्रंथांत आसरा दिला. ख्रिस्तपुराणाच्या तीन आवृत्त्या निघाल्या, पण इ. स. १६८४ मध्यें गोव्याच्या पोर्तुगीज सरकारनें देशी भाषेविरुद्ध फर्मान काढलें, आणि त्या तीन आवृत्त्यांपैकीं एकही छापील प्रत आज उपलब्ध नाहीं. तें पुराण तरलें तें हस्तलिखितांच्या आधारानें. मंगळूरकडील ख्रिस्ती घराण्यांनीं पोथ्या जपल्या नसत्या, तर इ. स. १९०७ मध्यें जोसेफ साल्ढाणा ह्यांस तें पुन्हां छापतां आलें नसतें. धर्म आपला, राज्यही आपल्याच धर्माचें म्हणविणारें. तरी ओवीस सरकारनें राखिलें नाहीं, घरांनीं राखिलें. ही गोष्ट कबूल करण्यांत कमीपणा नाहीं; तींत आम्हांस धडा आहे.

कला ही जाणाऱ्याच्या धैर्यानें निघते. पण नातें टिकतें तें ठेवून घेणाऱ्याच्या निष्ठेनें. आपल्या पंथांत आज मराठी गीतें, टाळ, तबला, पेटी ह्यांच्या साथीनें उपासना होते. हें सर्व आपणांस ह्या मातीनें दिलेलें आहे. त्याचें ऋण फेडण्याचा मार्ग एकच. आपल्या वडीलधाऱ्यांच्या तोंडीं असलेलीं गीतें लिहून घ्यावीं, आणि शेजाऱ्याच्या दारीं कीर्तन वा भजन असेल तेव्हां आदरानें ऐकावयास बसावें. नरसी येथून फार लांब नाहीं. ज्युबिलीच्या ह्या वर्षीं घरच्या मुलांस एकदां कयाधूच्या कांठीं न्यावें, आणि येथल्या एका शिंप्याचें गाणें पंजाबानें कसें जपलें, तें त्यांस सांगावें.