न्यूमोनिया, लहान मुलांतील तीव्र

फुफ्फुसातील वायुकोशांना जंतुसंसर्गाने सूज येऊन त्यांत द्राव साचण्याचा आजार. न्यूमोकॉकस व हिब हे जीवाणू आणि आरएसव्ही हा विषाणू ही प्रमुख कारणे. कमी वजनाचे जन्म, कुपोषण आणि चुलीचा धूर यांमुळे धोका वाढतो.

निदानाला यंत्र लागत नाही. खोकणारे मूल शांत असताना, कपडे वर सारून, पूर्ण मिनिटभर श्वास मोजावेत. दोन महिन्यांखाली 60, वर्षाच्या आत 50 आणि पाच वर्षांपर्यंत 40 किंवा जास्त भरले, तर न्यूमोनिया समजावा. दूध तुटणे, सतत उलट्या, झटके, गुंगी, ओठ निळे पडणे किंवा रक्तातील ऑक्सिजन 90 टक्क्यांखाली जाणे ही तीव्रतेची चिन्हे. तान्ह्या बाळाला ताप येईलच असे नाही. अंग गारही पडते. ‘पोट उडतंय’ (श्वासाबरोबर पोट जोरात वर-खाली होतंय) असे आई सांगते, तेव्हा तिचे निरीक्षण बहुधा अचूक असते. ते ऐकून घ्यावे. अशा बाळाच्या पोटाला चटके देण्याची प्रथा क्रूर आहे आणि निरुपयोगीही.

गडचिरोलीत डॉ. अभय व डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेने गावातल्या कार्यकर्त्यांना आणि दायांना हे निदान व कोट्रायमोक्साझोल हे प्रतिजैविक देणे शिकवले. पन्नासपर्यंत मोजता न येणाऱ्या दायांसाठी मण्यांचे श्वासमापक केले : एक मिनिटाची वाळूची घडी आणि मण्यांच्या दोन ओळी, तान्ह्यांसाठी सहा, मोठ्यांसाठी पाच. दर दहा श्वासांना एक मणी सरकवायचा. वाळू संपण्याआधी शेवटचा मणी सरकला, तर औषध सुरू. 1990 साली ‘लॅन्सेट’मध्ये निष्कर्ष आले : न्यूमोनियाचे बालमृत्यू तुलनेच्या गावांपेक्षा 54 टक्क्यांनी कमी. डॉक्टर नसलेल्या गावातही हे मृत्यू टळतात, हे त्यातून सिद्ध झाले.

उपद्रव : फुफ्फुसावरणात पाणी किंवा पू साचणे, फुफ्फुसात गळू, छातीत हवा कोंडणे, रक्तात जंतुविष पसरणे, क्वचित मेंदूज्वर. स्टॅफिलोकॉकसच्या संसर्गात पू लवकर होतो. योग्य प्रतिजैविक सुरू असूनही ताप उतरला नाही, तर छातीचा एक्स-रे काढावा, आणि पू असल्यास तो नळीने काढावा लागतो.

महाराष्ट्रात 2021 पासून न्यूमोकॉकसची लस सरकारी लसीकरणात आहे : सहावा आठवडा, चौदावा आठवडा आणि नववा महिना.

तीव्र न्यूमोनियाला ऑक्सिजन व शिरेतून प्रतिजैविके लागतात, म्हणून रुग्णालय टळत नाही. पण ते दूर असू शकते. उदाहरणार्थ, त्र्यंबकेश्वरहून नाशिक सुमारे 28 किमी. तालुक्यातील हरसूलकडच्या पाड्यांना ते याहून दूर, त्यात पावसाळ्यातले घाटरस्ते. अशा ठिकाणी प्रतिजैविकाची पहिली मात्रा आरोग्य केंद्रातच देऊन मग बाळ, उबेत गुंडाळून, पुढे पाठवावे.