जुन्या नौकेवर नवी यंत्रे : खरा प्रश्न जोडणीचा

यांत्रिक नौकेची बांधणी उत्तम असेल आणि निगा राखली गेली असेल, तर ती अनेक दशके समुद्रात चालते. सुकाणूसमोरची इलेक्ट्रॉनिक यंत्रे मात्र त्या मानाने अल्पायुषी असतात. त्यामुळे जुन्या नौकेचा मालक कधी ना कधी नवा नकाशादर्शक, नवा खोलीमापक किंवा नवा रेडिओ विकत घेतो. यंत्र बसवणे सोपे असते. ते जुन्या यंत्रांशी बोलते करणे आणि त्याला निर्वेध वीज पुरवणे, हे खरे काम असते.

जुने ठेवावे की बदलावे?

प्रत्येक जुने यंत्र टाकाऊ नसते. खोलीमापकाचा तळाशी बसवलेला संवेदक सुस्थितीत असेल आणि त्याची कंप्रता नव्या संचाला चालणारी असेल, तर तळाला नवे छिद्र पाडण्याची गरज नसते. जुन्या जीपीएस संचाबाबत मात्र सावध राहावे. जीपीएसमधील आठवड्यांची मोजणी दर १०२४ आठवड्यांनी पुन्हा शून्यावर येते. ऑगस्ट १९९९ आणि एप्रिल २०१९ मध्ये असे घडले. ही उलटगणती न ओळखणारे संच स्थान बरोबर दाखवूनही तारीख चुकवू शकतात आणि तारीख चुकली की भरती-ओहोटीचे गणितही चुकते.

यंत्रांच्या दोन भाषा

निरनिराळ्या कंपन्यांच्या यंत्रांना परस्परांशी माहितीची देवाणघेवाण करता यावी, यासाठी अमेरिकेतील 'नॅशनल मरीन इलेक्ट्रॉनिक्स असोसिएशन' या संस्थेने दोन प्रमुख मानके तयार केली. 'एनएमईए ०१८३' हे जुने, तर 'एनएमईए २०००' हे नवे मानक होय.

जुन्या मानकात एक यंत्र बोलते आणि इतर ऐकतात. त्याचा नेहमीचा वेग सेकंदाला ४,८०० बिट असतो. जहाजांची ओळख सांगणाऱ्या 'एआयएस' यंत्रासाठी तो ३८,४०० ठेवला जातो. दोन्ही टोकांना वेग एकच नसेल, तर तारा बरोबर जोडूनही पडदा कोराच राहतो. बोलणाऱ्याची धन तार ऐकणाऱ्याच्या धन तारेला आणि ऋण तार ऋण तारेला जोडावी. तारांचे रंग कंपनीगणिक बदलतात, म्हणून रंगावर न विसंबता माहितीपुस्तिका पाहावी. दोन बोलणारी यंत्रे एकाच जोडीवर कधीही जोडू नयेत; त्यासाठी माहिती एकत्र करणारा 'मल्टिप्लेक्सर' लागतो.

नव्या मानकात नौकेच्या लांबीने एक मुख्य केबल जाते आणि प्रत्येक यंत्र तिला छोट्या शाखेने जोडले जाते. शाखेची लांबी ६ मीटरपेक्षा अधिक नसावी. मुख्य केबलच्या दोन्ही टोकांना १२० ओहमचा एकेक रोधक हवा. वीज बंद करून माहितीच्या दोन तारांमधील रोध मोजल्यास तो सुमारे ६० ओहम भरला पाहिजे. १२० भरल्यास एक रोधक नाही किंवा निसटला आहे, असे समजावे. जुन्या आणि नव्या मानकांतील यंत्रे थेट तारांनी जोडता येत नाहीत. त्यांच्यामध्ये दुभाष्याचे काम करणारा परिवर्तक बसवावा लागतो.

वीज : दुर्लक्षित बाजू

यंत्रात दोष असल्याच्या अनेक तक्रारींचे मूळ खरे तर वीजपुरवठ्यात असते. इंजिन सुरू होताना बॅटरीचा दाब क्षणभर घसरतो आणि त्याच बॅटरीवर चालणारा नकाशादर्शक बंद पडून पुन्हा सुरू होतो. म्हणून शक्य तेथे यंत्रांसाठी स्वतंत्र बॅटरी ठेवावी. तारेची जाडी अशी निवडावी की बॅटरीपासून यंत्रापर्यंत दाबातील घट ३ टक्क्यांच्या आत राहील. खाऱ्या हवेत साधे तांबे लवकर काळवंडते. कथिलाचा मुलामा दिलेली तार अधिक टिकते. फ्यूज बॅटरीच्या जवळ आणि तारेच्या क्षमतेनुसार असावा, अन्यथा घासलेल्या तारेतून आग लागण्याचा धोका राहतो. नवे यंत्र किंवा त्याची तार होकायंत्राजवळ आली, तर सुई विचलित होते. म्हणून बसवणीनंतर होकायंत्र पुन्हा तपासावे.

लाल कळ आणि तारांची एक जोडी

या साऱ्या जोडण्यांत सर्वांत महत्त्वाची जोडणी जीपीएस आणि व्हीएचएफ रेडिओ यांच्यातील असते. 'डीएससी' सुविधेच्या रेडिओवरील लाल कळ दाबली की ७० क्रमांकाच्या वाहिनीवरून संकटसंदेश जातो. त्यात नौकेचा नऊ अंकी ओळखक्रमांक असतो. भारतीय नौकांचा क्रमांक ४१९ ने सुरू होतो. रेडिओत स्वतःचा जीपीएस नसेल आणि बाहेरचाही जोडलेला नसेल, तर कोणी हाताने स्थान भरल्याशिवाय संदेशात ते जात नाही. नौका संकटात आहे एवढे कळते. ती कोठे आहे, हे कळत नाही. ओळखक्रमांक रीतसर मिळवून रेडिओत भरणे आणि स्थानाचे आकडे पडद्यावर उमटतात की नाही हे पाहणे, ही दोन कामे टाळू नयेत. चाचणीसाठी मात्र लाल कळ कधीही दाबू नये.

नकाशाची मर्यादा

उपग्रहावरून मिळणारे स्थान अचूक असले, तरी ज्या नकाशावर ते उमटते त्याचे सर्वेक्षण जुने असू शकते. कोकणातील खाड्यांच्या मुखांशी असलेले वाळूचे दांडे जागा बदलत असतात. भारतीय जलक्षेत्राचे अधिकृत सागरी नकाशे डेहराडून येथील राष्ट्रीय जलालेखन कार्यालय प्रसिद्ध करते. त्यांतील दुरुस्त्या वेळोवेळी भरून घ्याव्यात. नवी यंत्रणा प्रथम दिवसाउजेडी, परिचित पाण्यात तपासावी. मुंबईहून मांडव्याकडे किंवा अलिबागकडे जाणाऱ्याने प्राँग्स आणि खांदेरी येथील दीपगृहांचे दिशाकोन होकायंत्राने घ्यावेत आणि पडद्यावरील स्थानाशी ताडून पाहावेत. शेवटी, कोणती तार कोठून कोठे जाते याचा आराखडा काढून तो नौकेवरच ठेवावा. पुढील दुरुस्ती कदाचित रात्री, हलत्या नौकेवर आणि विजेरीच्या प्रकाशात करावी लागेल.