किडनी दिसते, पण काम करते का? प्राण्यांचा रीनल स्कॅन समजून घेऊया

समजा, घरातला कुत्रा अचानक जास्त पाणी प्यायला लागला, खाणं कमी झालं, म्हणून तुम्ही त्याला व्हेटकडे नेलं. सोनोग्राफी झाली. रिपोर्टमध्ये लिहून आलं की दोन्ही किडन्यांचा आकार नॉर्मल आहे. आपल्याला हायसं वाटतं. पण त्या रिपोर्टने किडनी कशी दिसते एवढंच सांगितलं आहे. ती मिनिटाला किती रक्त गाळते, हे सांगितलेलं नाही. फोनच्या बॅटरीचा फोटो काढून तिची बॅटरी हेल्थ कळत नाही, तसंच हे.

मग ब्लड टेस्ट? तिथेही एक गोची आहे. क्रिएटिनिन वाढलेलं दिसेपर्यंत किडनीची साधारण ७५ टक्के क्षमता गेलेली असू शकते. शिवाय क्रिएटिनिन स्नायूंमधून येतं, त्यामुळे म्हाताऱ्या, हडकुळ्या मांजराचा आकडा उगाच चांगला दिसतो. एसडीएमए नावाची नवी टेस्ट बिघाड लवकर पकडते. पण दोन्ही टेस्ट सांगतात तो दोन्ही किडन्यांचा मिळून निकाल. डावी काम करते की उजवी, हे रक्ताला माहीत नसतं.

हे कळण्यासाठी किडनीचं काम चालू असताना तिचं शूटिंग करावं लागतं. यालाच रीनल स्कॅन किंवा रीनोग्राम म्हणतात.

वाशीची पावडर

या स्कॅनचा एक महत्त्वाचा भाग नवी मुंबईतच बनतो. वाशीला ब्रिटचं, म्हणजे बोर्ड ऑफ रेडिएशन अँड आयसोटोप टेक्नॉलॉजीचं संकुल आहे. अणुऊर्जा विभागाची ही संस्था हॉस्पिटलांसाठी छोट्या बाटल्यांमध्ये सुकवलेली पावडर तयार करते. तिला कोल्ड किट म्हणतात, कारण बाटलीत किरणोत्सर्ग अजिबात नसतो. हॉस्पिटलमध्ये त्यात टेक्नेशियम-९९एम मिसळलं की इंजेक्शन तयार.

किडनीसाठी मुख्यतः डीटीपीए वापरतात. हा रेणू शरीरात कशातही अडकत नाही आणि शोषलाही जात नाही. किडनीच्या गाळणीतून तो सरळ लघवीत उतरतो. म्हणून तो किती वेगाने गाळला जातो हे मोजलं की गाळण्याचा वेग, म्हणजेच जीएफआर, कळतो. दुसरा रेणू डीएमएसए. तो किडनीच्या पेशींना चिकटून बसतो, त्यामुळे कुठला भाग जिवंत आहे आणि कुठे व्रण पडलेत हे काही तासांनी काढलेल्या चित्रात दिसतं.

टेक्नेशियमची हाफ-लाइफ ६ तास. म्हणजे २४ तासांनी मूळ किरणोत्सर्गाचा जेमतेम सोळावा हिस्सा उरतो. शूटिंग करायला पुरेसा वेळ मिळतो आणि प्राण्याच्या अंगात तो फार काळ राहत नाही.

ग्राफ वाचायचा कसा

प्राण्याला गामा कॅमेऱ्यावर ठेवतात, शिरेतून ट्रेसर देतात आणि लगेच रेकॉर्डिंग सुरू. कॅमेरा काही सेकंदांना एक फ्रेम घेतो. मग कॉम्प्युटरवर प्रत्येक किडनीभोवती रेघ आखून आतले ‘काउंट’ मोजतात आणि वेळेनुसार ग्राफ काढतात.

निरोगी किडनीचा ग्राफ झटकन वर चढतो, काही मिनिटांत शिखर गाठतो आणि मग उतरतो, कारण ट्रेसर लघवीबरोबर मूत्राशयात निघून जातो. ग्राफ हळूहळू आणि थोडाच चढला, तर गाळणी कमजोर. चढला आणि उतरलाच नाही, तर पुढची नळी तुंबली असावी. तेव्हा फ्युरोसेमाइड, म्हणजे लघवी वाढवणारं औषध देऊन पाहतात. तरीही ट्रेसर हलला नाही, तर अडथळा खरा.

आकडा काढण्यासाठी पहिली दोन-तीन मिनिटंच महत्त्वाची. गेट्स यांनी १९८२ मध्ये ही पद्धत माणसांसाठी मांडली, नंतर ती कुत्र्या-मांजरांसाठी जुळवून घेतली गेली. कुत्र्यात दर किलो वजनामागे मिनिटाला ३ मिलीलीटरपेक्षा जास्त जीएफआर नॉर्मल धरतात, मांजरात २.५. म्हणजे १० किलोच्या कुत्र्याच्या दोन्ही किडन्यांनी मिळून मिनिटाला ३० मिलीलीटरच्या वर गाळायला हवं.

पण माझ्या मते या टेस्टची खरी किंमत दुसऱ्याच आकड्यात आहे. मांजराच्या डाव्या मूत्रवाहिनीत खडा अडकलाय आणि सर्जन डावी किडनी काढायचा विचार करतोय असं समजा. स्कॅनमध्ये डाव्या-उजव्याचा वाटा १५-८५ आला आणि उजवीचा आकडा स्वतःही चांगला असेल, तर निर्णय सोपा. वाटा ६०-४० आला, तर ‘खराब’ समजलेली किडनीच घर चालवतेय! ती काढली तर मांजराचा धोका वाढू शकतो.

खारघरचे उंदीर

खारघरला टाटा मेमोरियल सेंटरची अ‍ॅक्ट्रेक ही संशोधन संस्था आहे. तिथे उंदरांसारख्या लहान प्राण्यांसाठी इमेजिंगची खास सोय आहे. इतक्या छोट्या जिवाचा स्कॅन का? सिस्प्लॅटिनसारखं कॅन्सरचं औषध किडनीला इजा करतं हे जगभर माहीत आहे. नवं औषध तसं करतं का, हे माणसाला देण्याआधी कळायला हवं. पूर्वी त्यासाठी ठरावीक दिवसांनी काही उंदीर मारून किडनी तपासायचे. स्कॅनमुळे एकाच उंदराला औषधाआधी आणि नंतर पुन्हा पुन्हा बघता येतं, त्यामुळे उंदीर कमी लागतात.

उंदराची किडनी जेमतेम १ सेंटीमीटरची. म्हणून कॅमेऱ्यापुढे सुईच्या टोकाएवढं भोक असलेली शिशाची किंवा टंगस्टनची पाटी लावतात. त्यातून चित्र मोठं होऊन पडतं, शाळेतल्या पिनहोल कॅमेऱ्यासारखं. अडचण भुलीची. भूल दिली की रक्तदाब उतरतो आणि जीएफआरही. त्यामुळे दोन स्कॅनची तुलना करताना भूल सारखीच असावी लागते.

तुमच्या व्हेटकडे होईल का?

नेहमीच्या पेट क्लिनिकमध्ये नाही. गामा कॅमेरा महाग असतो, शिवाय किरणोत्सर्गी द्रव्य वापरायला अणुऊर्जा नियामक परिषदेची परवानगी लागते. स्कॅननंतर प्राण्याला साधारण दिवसभर वेगळं ठेवावं लागतं, कारण त्याची लघवीच किरणोत्सर्गी असते. सोसायटीच्या लिफ्टमधून त्याला लगेच घरी आणता येत नाही.

पर्याय आहेत. सीटीमध्ये आयोडीनचा कॉन्ट्रास्ट देऊन एकामागून एक चित्रं घेतली तर प्रत्येक किडनीचा जीएफआर काढता येतो. मात्र हा कॉन्ट्रास्ट आधीच थकलेल्या किडनीला त्रासदायक ठरू शकतो, म्हणून सीटीआधी क्रिएटिनिन बघायला सांगा. सूक्ष्म बुडबुड्यांची सोनोग्राफी रक्तपुरवठा दाखवते, पण बुडबुडे रक्तवाहिनीबाहेर पडतच नाहीत, त्यामुळे गाळण्याचा वेग कळत नाही. रोजच्या वापरात क्रिएटिनिन, एसडीएमए, लघवीतलं प्रोटीन, रक्तदाब आणि सोनोग्राफी एकत्र वाचतात.

आणि कुठलीही टेस्ट असो, प्राण्याला दोन दिवस उलट्या होत असतील तर ते आधी सांगा. अंगात पाणी कमी असलं की चांगल्या किडनीचाही आकडा बिघडलेला दिसू शकतो.